दत्तूचा कुत्रा

अक्काची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तिनं माझ्या अंगावर गोमूत्र शिंपडलं. नवऱ्याला पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही नगरकडून चिंचवडला आलो होतो आणि अक्काच्या घरातली पडवीलगतची खोली भाड्यानं घेतली होती. मी ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच ही बाई तांब्या आणि आंब्याची डहाळी घेऊन समोर उभी. आधी ट्रंकेवर, मग वळकटीवर, मग माझ्यावर. मी काय ऐकून घेणारी नव्हते. म्हटलं, "आम्ही काय मयताहून आलोय का?" अक्का शांतपणे म्हणाली, "न्हाई गं बाई. पर मोटारीतनं आलीस न्हवं? शेजारी कोन बसलं व्हतं, ठावं हाय का तुला?" मी कप्पाळ पुसलं आणि ट्रंक आत ओढली.

अक्का तेव्हा पन्नाशीची असेल. नवरा कधीच गेलेला, पवनेकाठची शेती धाकटे दीर गणपतराव बघायचे, ते शेजारच्याच घरात राहायचे. मी पहिल्या दिवशी "तुम्ही" म्हटलं तर म्हणाली, "अहोजाहो तुज्या सासूला कर. मला नुसतं अक्का म्हन." सकाळी गाय उठायच्या आत ही गोठ्यात तांब्या धरून उभी असायची. मग उंबरा, देव्हारा, चूल, पाण्याची घागर, सगळ्यांवर शिंपण. "घर निर्मळ तर देव घरात, न्हाईतर देव वाटंला," हे दिवसातून एकदा तरी कानावर पडायचंच. तिच्या सोवळ्याचा मला वैताग यायचा, पण माझं पहिलं बाळंतपण तिनंच केलं, आणि सख्ख्या आईनं केलं नसतं इतकं केलं. अक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तरी माणूस म्हटलं की मला आधी तीच आठवते.

तिचा एकुलता एक मुलगा दत्तू पलटणीत भरती झाला होता. जाताना त्यानं आपल्या कुत्र्याची दोरी आईच्या हातात दिली आणि "मी येईस्तवर ह्याला सांभाळ," म्हणून सांगून गेला. खंड्या त्याचं नाव. चांगला दांडगा, तांबूस, एका कानानं अधू. तो माजघरात खांबापाशी झोपायचा आणि खांबाला लागूनच खंडोबाचा देव्हारा. अक्का त्याला शिवायची नाही. भाकरी लांबून टाकायची, चुकून लुगड्याला नाक लागलं तर आंघोळ करायची. कुणी म्हटलं, "अक्का, तुमचं कुत्रं," की लगेच दुरुस्त करायची: "दत्तूचं हाय. माज्याकडं नुसतं ठिवलंय." पण त्याच्या भाकरीवर दूध घालायला कधी विसरली नाही, हेही मी बघितलंय.

त्या कार्तिकात आळीतल्या कुत्र्या माजावर आल्या आणि खंड्याचं डोकं फिरलं. एका सकाळी त्यानं देव्हाऱ्याजवळच्या खांबावर पाय वर केला. अक्कानं जागा धुतली, शेणानं सारवली आणि वर तांब्याभर गोमूत्र ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशी खांब आणि वर कणगीसुद्धा. जाणता कुत्रा, इतकी वर्षं घरात कधी थेंब सांडला नव्हता, आणि आता हे. अक्कानं काठी उगारली, त्याचं नाक धरून ओल्या जागेवर घासलं, खांबाभोवती मिरचीपूड टाकली. मिरचीनं माझं बाळ शिंकून शिंकून बेजार झालं आणि कुत्र्यानं मिरची सोडून वीतभर वर धार मारली. बाहेर बांधला तर दोरी चावून परत आत. आणि दर वेळी अक्का तांब्या घेऊन हजर. आदल्या दिवसापेक्षा जास्तच शिंपायची.

गणपतराव रोज येऊन कटकट करायचे. "वैनी, ह्याला खच्ची करून टाका. बैलाला करत्यात तसं. दोन दिसांत गप व्हतोय का न्हाई बघा."

"काई नको. पोरानं धडधाकट सोपीवलाय, तसाच त्याच्या हातात द्यायचा."

"मग सोडा न्हेऊन कुटंतरी. चंपाषष्ठी आली. सांगवीचे पावणे येनार, पुनावळ्याची बहीण येनार. तळी भरायची ती काय मुताच्या वासात?"

अक्का तांब्या उचलून गोठ्यात निघून जायची. खरं म्हणजे तीच सगळ्यात जास्त तळमळत होती. एकदा माझ्यापाशी पाट ओढून बसली आणि म्हणाली, "खंडोबाचं वाहन हे. मारू कशी? आन देवाम्होरंच मुततंय, ठिवू कशी? उद्या दत्तू आला आन म्हनला, आये, माजा खंड्या कुटं हाय, तर मी काय तोंड दावू त्याला?" तिचे डोळे भरले होते. मला तिची दया आली आणि त्या कुत्र्याचा असा राग आला की काय सांगू.

मग अक्का हिवतापानं पडली. अंथरुणातून उठवेना. तिचं घर मी बघायला लागले. माझ्या अंगात काही तिच्याइतकी भक्ती नव्हती. मी खांबाजवळची ओली माती खरवडून बाहेर टाकली, राखेनं आणि कढत पाण्यानं खांब घासला, नवी पांढरी माती चोपली आणि मोकळी झाले. शेण नाही, गोमूत्र नाही. खंड्या आला, खांब हुंगला आणि शेपटी हलवत अंगणात गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. अक्का बरी होईपर्यंत घरात एक थेंब नाही. मला वाटलं, माज उतरला असेल.

अक्का उठली ती भिंतीला धरून, आणि पहिलं काम काय, तर तांब्या. राहिलेल्या सगळ्या दिवसांचं एकदम शिंपायला घेतलं. खंड्या ओट्यावरून बघत होता. ती वळली तसा तो आत आला, नाक खाली घालून खांबाला दोन वेढे घातले आणि केला पाय वर. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी म्हटलं, "अक्का, अगं मूत ते मूतच. गाईचं काय आणि कुणाचं काय, त्याला वाटतं दुसरंच कुठलं जनावर घरात येऊन मुतून गेलं. म्हणून तो त्यावर आपली खूण करतो. तू शिंपू नकोस, तो थांबेल. तू पडलीस तेव्हा थांबलाच होता की."

अक्काचा चेहरा असा झाला, जसा काही मी देव्हाराच फोडला. "गोमूतरानं घर बाटतंय म्हंतीस? माज्या सासूनं शिंपलं, तिच्या सासूनं शिंपलं. तू आलीस काल आन मला शिकीवतीस?" बस्स. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. बाळाला घ्यायची, माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. मीही हट्टी, गेले नाही समजूत काढायला.

षष्ठी दोन-चार दिवसांवर आली तेव्हा तिनं गणपतरावांना "न्ह्या" म्हणून सांगितलं. चाकणच्या बाजारात वाट चालणारे धनगर उतरले होते, त्यांना राखणीला कुत्रा हवाच होता. गणपतरावांनी खंड्याला बैलगाडीत बांधला. अक्का दारात आली नाही.

चंपाषष्ठीला घर भरलं. तळी भरली, भंडारा उधळला. भरीत आणि रोडग्याचा पहिला वाटा कुत्र्याला द्यायचा असतो. अक्का ताटली घेऊन सवयीनं अंगणात गेली आणि तिथंच उभी राहिली. पाहुणे म्हणाले, रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्र्याला घाल, देवाला पोचतंय. तिनं घातलं. परत आली, ताटली ठेवली आणि सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर येऊन बसली.

"तू म्हनत व्हतीस ते खरं असंल का गं?"

पाहुण्यांपुढं खोटं बोलून तिला सांभाळून घ्यावं असं क्षणभर वाटलं. पण ती अशी बघत होती की मला खोटं बोलवेना. म्हटलं, "होय अक्का. खरं असावं."

"म्हंजी त्यो शाना व्हता," ती म्हणाली. "घर राखत व्हता."

पुढच्या बाजाराला ती स्वतः गाडीत बसून चाकणला गेली. कधी गावाची शीव ओलांडली नव्हती ती बाई. धनगर मेंढ्या घेऊन पुढं गेलेले. कुणी म्हणे भीमेपल्याड, कुणी म्हणे जुन्नरकडं. संध्याकाळी परत आली ती ताप घेऊनच. घरात तांब्या पालथा पडला होता. आता शिंपायला कुणाची आडकाठी नव्हती, पण तिचं मन उडालं ते उडालंच.

उन्हाळ्यात दत्तू रजेवर आला. अक्काला आनंद झाला, पण त्याहून धसका मोठा. "त्यानं इचारलं तर तू जवळ ऱ्हा," म्हणून मला सांगून ठेवलं होतं. पोरगा जेवला, झोपला, मित्रांत फिरला, पलटणीतल्या गमती सांगून आम्हाला हसवलं. खंड्याची दोरी टांगायच्या खुंटीला त्यानं आपला ओला टॉवेल वाळत घातला. अक्का रोज त्याच्या तोंडाकडं बघायची. रजा संपत आली तरी त्यानं कुत्र्याचं नाव काढलं नाही.

निघायच्या सकाळी तो ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. अक्कानंच तोंड उघडलं. "दत्तू, खंड्या न्हाई घरात."

"कोन?" त्यानं मान वर केली. "हां, त्यो व्हय. म्हातारा झाला आसंल. मेला का?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "व्हय. मेला."

"बरं झालं. तुजी कटकट मिटली," असं म्हणून त्यानं पाया पडून ट्रंक उचलली आणि रस्त्याला लागला.

तो दिसेनासा होईपर्यंत अक्का उभी होती. मी म्हटलं, चला, सुटलीस, त्याला काही वाटलं नाही. तर ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. नवऱ्याची आठवण काढतानाही मी तिला तशी रडताना पाहिली नव्हती.

"दत्तूचा, दत्तूचा म्हनत ऱ्हायले गं," ती म्हणाली. "त्यो माजा व्हता."