विहीणबाईंनी ठेवलेलं नाव

चुकीचं उच्चारलेलं आपलं नाव आमच्या विहीणबाईंना ऐकू येत नसे. एरवी कान तिखट. स्वयंपाकघरात मी माझ्या मुलाशी, निनादशी, हळू आवाजात मराठीत बोलले, तरी त्यांच्याविषयीच बोलतोय हे त्यांना बाहेरच्या खोलीत कळायचं. पण नेदरलँड्सला, निनादच्या डीमन गावातल्या डॉक्टरांकडे त्यांच्या खोकल्यासाठी गेलो, तेव्हा तिथल्या मुलीने दोनतीनदा हाक मारली आणि बाई आपल्या स्वेटर विणत बसलेल्या. मी कोपराने ढोसलं. म्हणाल्या, "कुणाला तरी बोलावतायत. माझं नाव असतं तर मी उठले असते." शेवटी ती मुलगीच उठून आली. विहीणबाईंनी सुया मांडीवर ठेवल्या, तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि आपलं नाव शिकवलं. रागाने नव्हे, लहान मुलाला बुटाची नाडी बांधायला शिकवावी तसं. मागचे पेशंट घड्याळाकडे बघत होते. ते नाव मी इथे लिहीत नाही. देवनागरीत ते नीट उतरत नाही आणि अर्धवट उतरलेलं त्यांना चाललं नसतं.

लिनोस, अर्जुन, ही तुमची मॅमगी. वेल्समध्ये त्यांच्या बाजूला आजीला मॅमगी म्हणतात. अर्जुनला त्या फारशा आठवत नसतील, लिनोसला थोड्या आठवतील, म्हणून लिहून ठेवते. बाबाने मोठ्याने वाचून दाखवावं. उत्तर नेहमीप्रमाणे इंग्रजीत दिलंत तरी चालेल.

आमची ओळख झाली ती लिनोसच्या जन्माच्या आधी, निनादच्या डीमनच्या फ्लॅटमध्ये. मी पुण्याहून विमानाने आले होते, त्या वेल्सहून बोटीने आणि आगगाडीने. विमान त्यांना उद्धट वाटायचं. मी हात पुढे केला आणि म्हणाले, "मी नीना." परदेशी माणसांना मी हेच सांगते. ज्ञानदा म्हटलं की आपल्याकडचे उत्तरेतले लोकसुद्धा गडबडतात, मग गोऱ्या लोकांना कशाला त्रास? विहीणबाईंनी हात धरूनच ठेवला. "हे तुमचं नाव आहे, की त्यांची सोय?" पुढचे दोन दिवस त्यांनी ज्ञ घोटला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या न्याहारीच्या टेबलावरून "ज्ञानदा, साखर द्या" म्हणाल्या, तेव्हा माझ्याच हातून साखर सांडली.

नावाचं प्रकरण त्याच टेबलावर सुरू झालं. मी शिस्तीची बाई. मुलगी होणार हे तिथल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून नावाचा मी पुण्यातच पूर्ण विचार करून आले होते: इरा. दोन अक्षरं, अर्थ चांगला, मराठी, इंग्रजी, डच, कुणाच्याही जिभेला अडणार नाही. मी म्हणाले, "जगात कुठल्याही विमानतळावर पुकारलं तरी मुलीला कळेल."

"विमानतळासाठी नाव ठेवतात का?" विहीणबाईंनी विचारलं.

त्यांचं नाव ठरलेलं होतं. लिनोस, एक छोटा गाणारा पक्षी. मी 'लि' लिहिते, पण ते अक्षर ल नाही. जीभ ल म्हणायला टेकवायची आणि आवाज न काढता दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा. मी तिथल्या तिथे करून पाहिलं. शान, म्हणजे तुमची आई, आठ महिन्यांचं पोट धरून हसली. "आई, सायकलच्या चाकातली हवा गेली!"

मी म्हणाले, "हे बघा, शाळेत रोज कुणीतरी चुकवणार. आयुष्यभर पोरीने दुरुस्त्या करत बसायचं?"

"बसावं," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या आईने नाही केल्या. तिचं नाव लिनोस होतं. शाळेतल्या इंग्रज मास्तरांना येईना, म्हणून त्यांनी तिला लिली केलं. मग दुकानात लिली, चर्चमध्ये लिली. तिच्या थडग्याच्या दगडावरसुद्धा लिलीच आहे. शानच्या वेळी मीही घाबरले आणि सोपं नाव ठेवलं. आता पुन्हा नाही घाबरणार."

मी तरीही माघार घेतली नाही.

नेदरलँड्समध्ये बाळाचं नाव तीन दिवसांत खेमेन्तेत, म्हणजे नगरपालिकेत, नोंदवावं लागतं. आपल्याकडे बाराव्या दिवसापर्यंत ते ओठांवर आणायचं नसतं. निनादने जाऊन 'लिनोस इरा' असं नोंदवलं, दोन्ही आज्यांना आपापला वाटा दिला आणि सुटलो असं समजला. बारशापर्यंत कुणी नाव उच्चारायचं नाही, असा हुकूम मी सोडला. खालच्या मजल्यावरची डच शेजारीण बाळाला बघायला आली. रिवाजाप्रमाणे तिला बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या पेरलेला टोस्ट दिला. तिने नाव विचारलं आणि आम्ही सगळे टोस्टकडे बघू लागलो. ती गेल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "नगरपालिकेला ठाऊक, देवाला ठाऊक. फक्त जिचं आहे तिला सांगायचं नाही. तुमची पद्धत मला आवडली."

माझा बेत वेगळाच होता. कागदावर काहीही असो, घरात हाक कुठली मारायची ते आपल्याकडे बारशाला पडतं. कानात आत्या जे सांगेल ते खरं. आणि आत्या माझी मुलगी. मुक्ता तिथेच जवळ, हूफडॉर्पला राहायची. तिला मी फोनवर बजावलं, "कानात इरा म्हण आणि मोठ्यानेही इराच म्हण."

"आई, पहिलं नाव लिनोस आहे ना?"

"असू दे पहिलं. पासपोर्टात राहील."

बारशाला मुक्ता मैत्रिणींना घेऊन आली. घुगऱ्या मी केल्या होत्या, विहीणबाईंनी चहात भिजवलेल्या मनुकांचा केक. पाळण्याची अडचण होती. तिथल्या पाळण्याखालून बाळ काय, मांजरसुद्धा गेलं नसतं. म्हणून वेताची टोपली दोन खुर्च्यांवर टेकवली आणि आम्ही बायकांनी बाळाला वरून खालून एकमेकींच्या हातात दिलं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या." विहीणबाई खाली वाकून दर वेळी दोन्ही हात पसरत होत्या, बाळ पडेल म्हणून.

मग मुक्ता टोपलीवर वाकली. मैत्रिणी मुठी वळून तिच्या पाठीशी सज्ज झाल्या. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. कुर्र झालं आणि पुढे काहीच नाही. मुक्ता सरळ उभी राहिली.

"आई, मला नाही जमत. पोरीला पहिल्यांदा तिचंच नाव चुकीचं सांगू? किंवा दुसरंच सांगू?" ती विहीणबाईंकडे वळली. "तुम्ही सांगा."

"मुक्ते, आत्याचा मान असतो तो," मी म्हणाले.

"माझाच आहे ना? मग मी दिला त्यांना. धपाटे तरी वाचतील."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. विचारत होत्या. सगळ्या बायकाही माझ्याकडे बघत होत्या. मी तरी काय करणार? वऱ्हाडासमोर विहिणीला नाही म्हणायचं असतं का? मी मान हलवली. त्या गुडघे धरत वाकल्या आणि लिनोस, तुझ्या कानात वारा गेला. तू डोळे उघडलेस. मुक्ताच्या मैत्रिणींनी रिवाजाला धरून विहीणबाईंच्या पाठीत दणादण धपाटे घातले. ही रीत त्यांना सांगायची राहूनच गेली होती. त्या वळल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "या नावासाठी मार खावा लागेल याची कल्पना होती. इतक्या लवकर, हे नव्हतं माहीत."

त्यानंतर घरात तू लिनोस झालीस. अर्जुनच्या वेळी सगळे इतके दमलेले होते की पहिलं सुचलेलं नाव ठेवून मोकळे झाले.

विहीणबाई दर वसंतात बोटीने यायच्या. मला जमलं की मीही यायचे. शेवटच्या खेपेला त्या खूप वाळल्या होत्या. ट्रॅमच्या थांब्यावर बसलेलो असताना त्यांनी विचारलं, "ज्ञानदा, अजून जमत नाही ना तुम्हाला ते अक्षर?"

"नाही. माझ्या जिभेचं वय झालं."

"शान ते नाव बरोबर म्हणते. पण ती दिवसातून पन्नासदा म्हणते, घाईत म्हणते. तुम्ही आठवड्यातून एकदाच म्हणणार. तुम्ही नीट म्हणा." तेवढ्यात ट्रॅम आली. हे काम मला दिलं की माझी गंमत केली, तेही विचारायचं राहिलं. हिवाळ्यात त्या गेल्या.

पुण्यात मी रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालताना ते अक्षर घोटलं. शेजारच्या वहिनींनी दम्याचा एक चांगला काढा सुचवला. चार महिन्यांनी रविवारच्या व्हिडिओ कॉलवर शान स्क्रीनजवळ सरकली आणि म्हणाली, "आई, परत म्हणा." तेव्हा समजले, जमलं.

आणि मागच्या रविवारी, लिनोस, तू मला सांगितलंस, की नव्या शाळेत तू इरा होणार. लिनोस फार कटकटीचं आहे. सगळे चुकवतात, मग सांगत बसावं लागतं. म्हणालीस, "आजी, तुलाच तर हवं होतं ना?" खरं आहे. मला हवं होतं, आणि ते का हवं याची कारणं मी तेव्हा तुझ्यापेक्षा चांगली मांडली होती. एकही कारण अजून खोटं ठरलेलं नाही. मी "इरा" अशी हाक मारून पाहिली. तू लगेच म्हणालीस, "बघ, किती सोपं!" सोपं होतं. एवढं सोपं, की पुढे तुझ्याशी काय बोलायचं ते मला आठवेना.

नाव तुझं आहे. शाळेत काय सांगायचं ते तू ठरव. मी तुझ्या बाईंना फोन करणार नाही. पण फोन ठेवायच्या आधी मी जीभ टेकवली, वारा सोडला आणि तुला पहिल्या नावाने हाक मारली. तू डोळे फिरवलेस, उसासा टाकलास. पण ओ दिलीस.