मोडल्याशिवाय भरवसा नाही

आमच्या टीमच्या कॅप्टनला धडधाकट वस्तू बघवतच नसे. एखादी गोष्ट मोडली की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते मी इतर कुणाच्या चेहऱ्यावर सेमिस्टरचा निकाल लागल्यावरही पाहिलेलं नाही. नवं स्टूल आलं की ती आधी त्यावर चढून उड्या मारायची. नव्या छत्रीच्या काड्या उलट्या वळवून बघायची. कँटीनची प्लॅस्टिकची खुर्ची मागच्या दोन पायांवर किती तिरकी होते, हे तिने एकदा प्रत्यक्ष एचओडी सरांसमोर तपासलं आणि पडल्या पडल्या, जमिनीवरूनच, त्यांना सांगितलं, "एवढ्याला जातीया, सर. तुम्ही आपलं जपून बसा." सरांनी त्या दिवशी चहा उभ्यानेच घेतला. जी वस्तू कुठे मोडते हे आपल्याला माहीत नाही, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे तिचं तत्त्व होतं, आणि कोल्हापुरातल्या त्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिच्या या तत्त्वातून काहीच सुटलं नाही. माणसंसुद्धा.

मी चंदगडकडचा. आमच्या घरातून पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. कॉलेजला येण्याआधी मी इंजिन पाहिलं होतं ते एसटीचं, तेही घाटात गाडी बंद पडल्यावर. त्या वर्षी विद्यार्थ्यांची एक स्पर्धा होती. लोखंडी पाइप वाकवून, वेल्डिंग करून, एक माणूस बसेल एवढी गाडी स्वतः बांधायची आणि मध्य प्रदेशातल्या एका माळावर दगडधोंड्यांतून, चिखलातून तासन् तास पळवायची. टीम निवडताना कॅप्टनने मला मार्क विचारले नाहीत. विचारलं, "आजवर काय मोडलंयस?" मी घाबरून खरं ते सांगितलं : काकांच्या सायकलचं पॅडल. कसं मोडलं, आधी आवाज आला का, तुकडा कसा दिसत होता, असं ती खोदून खोदून विचारत राहिली आणि मी टीममध्ये आलो. माझं नाव मात्र तिने कधी घेतलं नाही. मी तिच्यासाठी कायमचा 'चंदगड' झालो.

परीक्षकांना गाडीचं डिझाइन इंग्रजीतून समजावून सांगायचं काम तिने माझ्यावर टाकलं. मी म्हटलं, मला जमणार नाही. ती म्हणाली, "बघतो की मी, कुठवर जमतंय." आमच्याकडच्या पुष्कळ मुलींसारखी तीही 'मी बघतो, मी करतो' असंच बोलायची. मग रोज चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उभं करून ती मला इंग्रजीतून प्रश्न विचारू लागली. हाच पाइप का? हाच कोन का? एक दिवस माझा आवाज चिरकला, डोळ्यांत पाणी आलं. मुलं खाली बघू लागली. ही मात्र खूश. "हां! हितं तुटतंय बघ चंदगड. आता उद्या हितनंच फुडं." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी तिने त्याच प्रश्नापासून सुरुवात केली.

गाडी तयार झाली, तरी गाडी चालवणारी कॅप्टन स्पर्धेला जाणार की नाही, हेच ठरेना. तिचे वडील, ती त्यांना आबा म्हणायची, वारणानगरजवळ ऊस लावणारे शेतकरी. त्यांना ही पाइपांची गाडी म्हणजे पोरीच्या जिवाशी खेळ वाटत होता. तिच्याशिवाय आम्ही गेलो असतो, पण कुणाच्या जोरावर, ते कुणालाच सांगता आलं नसतं. शेवटी आबांनी अट घातली. ऊस तुटून गेलेलं एक रान होतं, सऱ्यांचे चर-वरंबे तसेच, उन्हाने दगडासारखे झालेले. "ह्या सऱ्या आडव्या तुडवून माघारी आलीस तर जा. न्हाय आलीस तर गुमान घरात बसायचं."

आम्ही टेम्पोत घालून गाडी तिथे नेली. आबा बांधावर उभे. कॅप्टन निघाली. प्रत्येक सरीला गाडी उडत होती, आणि आम्ही बांधावर तिच्याबरोबर उडत होतो. पलीकडे पोचली, वळली, माघारी आली. आम्ही एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या रानातली माणसं धावत आली.

"झालं. जा म्हणलं. उतर आता," आबा म्हणाले.

"अजून एकदा, आबा."

"आता कशाला?"

"मोडंना झालीया!"

आणि ती पुन्हा गेली. मग आणखी एकदा, आणखी जोरात. आम्ही हात जोडले, ओरडलो, एकाने तर डोळेच मिटून घेतले. शेवटी खाडकन आवाज झाला आणि पुढचं डावं चाक गाडीला सोडून सरीतून एकटंच पुढे चालू लागलं. धुळीतून कॅप्टन बाहेर आली ती हसत. "मोडली, आबा!" डिस्टिंक्शन मिळाल्यासारखं तिने सांगितलं.

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आम्हाला वाटलं, संपलं सगळं. ते आमच्याकडे वळले. "पावणं, ही घरात बी असंच करती. तुम्ही कसं सोसताय?" मग त्यांनी जाऊन ते चाक उचलून आणलं आणि लेकीच्या हातात दिलं. "चाक जाग्यावर ऱ्हाईस्तवर जोडायचं. मग जायाचं. शबुद दिलाय म्हंजे दिलाय."

चाक धरणारी दांडी वेल्डिंगच्या अगदी कडेला फाटली होती. तिथे आधाराची पट्टी टाकून आम्ही नवी दांडी बनवली. तीही तिने त्याच रानात मोडली. त्यानंतरची मात्र काही केल्या मोडेना, आणि कॅप्टन चिंतेत पडली.

स्पर्धेत मोठमोठ्या कॉलेजांच्या चकचकीत गाड्या होत्या. परीक्षकांपुढे माझा आवाज चिरकला नाही. त्यांचा एकही प्रश्न कॅप्टनच्या प्रश्नांइतका दुष्ट नव्हता. आणि शेवटच्या शर्यतीत माळभर लोकांची चाकं विखुरलेली असताना आमची गाडी, रंग उडालेली, चिखलाने ओळखू न येणारी, फेरीमागून फेरी घालत राहिली. बक्षीस मिळालं नाही. पण शर्यत संपल्याचा झेंडा पडला तेव्हा आमची गाडी चारही चाकांवर उभी होती. मुलं नाचत होती. मी कॅप्टनला शोधलं, तर ती गाडीच्या पलीकडे पाठ करून बसलेली. इतक्या मोडतोडीत जे कधी पाहिलं नव्हतं, ते पाणी तिच्या डोळ्यांत होतं.

"काय झालं?"

"संपलं की रे, चंदगड."

पुढे परीक्षा झाल्या, नोकऱ्या लागल्या, आणि ज्या माणसांमुळे मी चार लोकांत उभा राहून बोलू लागलो, त्यांत ही पहिली, हे तिला सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. त्या दिवशी मी फक्त हात पुढे केला, ती उठली. गाडी चढवायची तो टेम्पो माळाच्या दुसऱ्या टोकाला होता. इंजिन ठणठणीत होतं, टाकीत पेट्रोल होतं. तरी ती स्टार्टरकडे गेली नाही, मीही नाही. आम्ही दोघं दोन बाजूंनी धरून गाडी ढकलत निघालो, सावकाश.