पाडव्याला अडकलेले कुलूप

"काचमिस्त्रीने दामूशेटच्या दुकानाला मुद्दाम खोड ठेवून कुलूप बसवले. ऐन दिवाळीच्या पाडव्याला ते अडकले, मुहूर्त टळला, आणि तोंड दाखवायला जागा न उरल्यामुळे तो रातोरात कल्याण सोडून पळाला." हे उद्गार दामूशेटचे पुतणे बाळाशेट यांनी परवा चारचौघांत काढले, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. बाळाशेट आज बाजारातले वजनदार गृहस्थ आहेत. त्या पाडव्याला ते पाळण्यात होते. मी मात्र त्या दुकानासमोर, माझ्या कागद-पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. एवढ्याशा बोलण्यात किती असत्ये मावली आहेत, ते आता मी सांगतो. बाळाशेट त्यांना 'तो' म्हणाले. दुरुस्तीला तेथूनच आरंभ करू. काचमिस्त्री हे 'ते' होते.

त्यांचे नाव पास्कू. ठाण्याचे ख्रिस्ती; डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल आणि खांद्याला हत्यारांची गोणपाटी पिशवी. त्यांना काचमिस्त्री म्हणत, आणि गंमत अशी की काचेला ते कधी बोटसुद्धा लावीत नसत. आगगाडी आल्यावर मुंबईच्या थाटाची दुकाने आमच्याकडेही निघू लागली. फळ्या जाऊन सागवानी चौकटीत बसवलेली अखंड काच दाराला आली. अशा दाराला कडीकोयंडा शोभत नाही. चौकटीच्या पोटात, तीन बोटे रुंदीच्या लाकडात, कुलूप असे बसवावे लागते की शेजारच्या काचेला कळूही नये. पटाशीचा एक ठोका चुकला की काच वरपासून खालपर्यंत तडकते. मिस्त्री काम करताना डावा हात पाठीशी धरीत. तो चुकून काचेवर टेकू नये म्हणून. "लाकडाशी भांडावं," ते म्हणत, "काचंशी नाय. ती एकदाच बोलते."

कुलूप बसले की ते स्वतः चावी फिरवीत नसत. मालकाला बोलावीत, उंबऱ्याबाहेर उभे राहून त्याच्या मनगटाकडे बघत, आणि त्याने जोर लावला तर चावी काढून घेत. "शेट, चावी फिरली पायजे, मनगट नाय." माझ्या दाराचे कुलूपही त्यांनीच बसवलेले; मला हा धडा त्यांनी इतक्या वेळा दिला की शेवटी माझी आशाच सोडली. "बुकवाले," ते मला म्हणाले, "तुमचं मनगट पानं उलटायलाच बरं. चावी घरात कुणाला तरी द्या." माझ्या पत्नीने ती पहिल्याच खेपेला लोण्यातून फिरवल्यासारखी फिरवली, तेव्हा त्यांनी तिला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

जिभेने ते तिखट होते, हे मी लपवीत नाही. एका धान्यवाल्याने त्यांना रविवारी कामाला बोलावले. "रविवारी देवळात जातो," मिस्त्री म्हणाले. धान्यवाला हसला, "एक रविवार देव वाट बघेल." "देव बघंल हो. पन सहा दिवस त्यानंच काम केलं नि सातव्याला टेकला. मी काय त्याच्यापरीस मोठा कामगार लागून गेलो?" त्या धान्यवाल्याच्या दुकानाला अखेरपर्यंत फळ्याच राहिल्या.

आता तो पाडवा. दिवाळीत बाजारातली कुलपे साफ करण्यासाठी मिस्त्री दरसाल येत आणि शहाडला नदीकाठी एका नातलगाकडे उतरत. दामूशेटचे विलायती कापडाचे दुकान नवे होते, कुलूप नवे होते. लक्ष्मीपूजनाला दामूशेटनी वह्यांसोबत कुलपाचीही पूजा केली. हळद वाहिली, कुंकू वाहिले, ओल्या कुंकवात माखलेल्या अक्षता मूठभरून वाहिल्या, आणि कुलूप लावून घरी गेले. पाडव्याला सकाळी मुहूर्ताच्या विक्रीसाठी गिऱ्हाईक दारात उभे, भटजी उभे, आणि चावी फिरेना. दामूशेटच्या नोकराने दोन्ही हातांनी जोर केला. चावी थोडी वाकली, जागची हलली नाही. मग मिस्त्रींना बोलावणे गेले.

"मिस्त्री, हे तुझं कुलूप," दामूशेट म्हणाले. "लक्ष्मी आत कोंडली माझी."

"आत हाय ना? मंग बरं हाय, शेट. बाहेर गेली असती तर रडायचं."

माणसे हसली, दामूशेट हसले नाहीत. मिस्त्रींनी चावी हळूच काढली, उन्हात धरली. "हिला कुंकू लागलंय. आनि कोनीतरी मनगट फिरवलंय."

"कीर्तन नंतर कर. मुहूर्त चालला," असे म्हणून दामूशेटनी हमालाला पहार आणायला सांगितली. काच फोडून चौकटीतून आत शिरायचे, असा बेत होता.

हमाल पहार उचलतो तोच मिस्त्री दाराकडे वळले आणि काचेला पाठ लावून उभे राहिले. जन्मात काचेला अंग लावले असेल तर त्यांनी त्या एकाच वेळी. "पयली ही पाठ फोडा, मंग काच. मुहूर्त पुढल्या वर्षी परत येतो. फुटलेली काच कंदी आली काय परत?" हमालाने पहार खाली टेकवली. तो म्हणाला, "शेट, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही."

मग मिस्त्री उंबऱ्यावर बसले. पिशवीतून टोक वाकवलेली तार काढली, भोकात घातली, डोळे मिटून चाचपत राहिले. तोवर मुहूर्त गेला, हे खरे. तारेच्या टोकाला अडकून एक तांदळाचा दाणा बाहेर आला. लाल, फुगलेला, चावीने चेचलेला. त्यांनी तो तळहातावर घेऊन सर्वांना दाखवला. मग वाकलेली चावी सरळ करून दामूशेटच्या हाती दिली; त्यांनी घातली ती सहज फिरली आणि कुलपाची जीभ मागे गेली.

"शेट, अक्षता पोटात गेली, तिथंच फुगली, खटका धरून बसली. पुजा करा, कोन नको बोलतो? पन पयलं भोकावर विड्याचं पान ठेवा, मंग वाहा काय वाहायचं ते."

एखादे हिंदू तोंड हे बोलले असते तर लोक हसले असते. बोलले ते किरिस्ताव तोंड. भटजी कडाडले, "लक्ष्मीच्या अक्षतेवर आळ घेतोस? शब्द मागे घे." गर्दीने तेच धरले. दामूशेट मनाने वाईट नव्हते, ते जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, कुलपात थोडी खोड होती, एवढं म्हण. सगळे शांत होतील. बाजारातली कामं तुझीच राहतील."

"खोड नव्हती, शेट."

"अरे, म्हणायला काय जातं?"

"तुमचं काय नाय जात. माझं कुलूप जातं."

मी पायरीवरून मोठ्याने म्हणालो की दाणा मी या डोळ्यांनी पाहिला आहे. भटजींनी मला उत्तर दिले, "तुम्ही पुस्तकं विका." त्यानंतर मी जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही, पण त्यातला एकही शब्द मी आजवर मागे घेतलेला नाही.

बाजाराने ठरवले की मिस्त्रींना काम द्यायचे नाही. आणि आता 'रातोरात' या शब्दाकडे येतो. मिस्त्री दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाजाराच्या मधोमध, पिशवी खांद्याला लावून निघाले. जेथे जेथे त्यांचे कुलूप होते त्या प्रत्येक दाराशी थांबले आणि म्हणाले, "शेट, चावी फिरवा." मालकांनी फिरवली, न फिरवावी तर कुलपावर संशय असल्यासारखे दिसले असते. एकही अडले नाही. दामूशेटच्या दाराशी ते जरा अधिक थांबले. दामूशेटनी चावी फिरवली, मनगट न हलवता, शिकवल्याप्रमाणे, आणि मान खाली घातली. पळणारा माणूस असा जात नाही.

सर्वांत शेवटी ते माझ्याकडे आले. मी चावी काढली तशी त्यांनी ती माझ्या हातून घेतली. "तुमी नको, बुकवाले. जाता जाता कुलूप मोडून ठेवाल." उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाच्या कुलपाची चावी त्यांनी स्वतः फिरवलेली मी तेवढीच पाहिली. दोनदा फिरवली, चावी माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटे तिच्यावर मिटवली आणि स्टेशनकडे चालू लागले. पुन्हा कल्याणला आले नाहीत. पुढे ते वारल्याचे ठाण्याच्या एका गाडीवानाकडून कळले. दाराची काच धरून ठेवणारी लांबी वाळून पडली, मी दोनदा नवी भरून घेतली, पत्नी गेली, चावी आता माझी सून फिरवते. कुलूप तेच आहे.

बाळाशेट, कुलपात खोड होती, असे तुम्ही म्हणता. पुरावा मी दूरचा आणीत नाही. या लक्ष्मीपूजनाला तुमच्याच दुकानी पानसुपारीचे बोलावणे होते म्हणून मी आलो होतो. तुम्ही कुलपापुढे बसलात, अक्षता चिमटीत घेतल्यात, थांबलात, तबकातले विड्याचे पान उचलून कुलपाच्या भोकावर नीट दाबून बसवलेत, आणि मगच अक्षता वाहिल्यात. मी विचारले, हे कशासाठी? तुम्ही म्हणालात, "काकांनी घालून दिलेली रीत आहे."