वालूरचा ठेचा आणि वरची ओळ

वालूर ही माझी सासुरवाडी. तिथल्या मारुतीच्या भंडाऱ्याची एक रीत आहे: स्वयंपाक एका जागी होत नाही, प्रत्येक घर एकच जिन्नस करून आणतं. कुणी वरण, कुणी भाकरी, कुणी ठेचा. कुणी काय आणायचं, ते सासरे तोंडपाठ सांगत. लग्नानंतरच्या पहिल्याच भंडाऱ्याला मी छाती फुगवून म्हणालो, "मामा, हे काम जावयावर सोडा. कॉम्प्युटरवर करतो." गावभर बोभाटा झाला. आता सवाल इज्जतीचा होता, तोही सासुरवाडीत.

तक्ता असा बनवला, की दिल्लीनं बघायला मागवावा. डावीकडं घरं, वरच्या ओळीत वरण, भाकरी, ठेचा. ज्यानं जे आणायचं त्याखाली फुली. पारावर लॅपटॉप मांडला आणि एकेका घराला फोन लावत खाली सरकत गेलो. वरची गल्ली संपता संपता वरची ओळ पडद्याबाहेर गेली. उरल्या नुसत्या फुल्या. म्हटलं, मधला रकाना ठेच्याचा, डोक्यात सगळं बसलंय की! अख्खी खालची गल्ली ठेच्याला लावली.

संध्याकाळी बाया पातेली घेऊन आल्या. ठेचा, ठेचा, पुन्हा ठेचा. इतका, की तिकडं पिंगळी स्टेशनात उभी गाडी शिंकली. भाकरी म्हणाल तर दुरडीचा तळ झाकेना.

सासरे म्हणाले, "जावईबापू, गावाला ठेचा प्यायला लावता का?"

मेहुणी हसून हसून खालीच बसली. "दाजी, वरची ओळ फ्रीज केली न्हाई व्हय? 'व्ह्यू'मधी जायचं अन् पहिली ओळ फ्रीज करायची. मग कितीबी खाली जा, ती हलत न्हाई."

"मग आधी सांगायचं होतं!"

"तुमी आमाला इचारलं व्हतं?"

तोवर बायांनी पारासमोर चुली पेटवल्या होत्या. भाकऱ्या थापण्याचा असा ताल धरला, की मारुतीनंही गदा खाली ठेवली असेल. पंगत बसली आणि वाढणारा प्रत्येक जण माझ्या ताटात ठेचा टाकून गेला. मी सगळा खाल्ला. जावयाची इज्जत दुसऱ्या कशानं भरून निघणार? माझ्या कानांतून निघालेल्या धुरानं गावात डास उरला नाही, हे वालूरचं कुणीही शपथेवर सांगेल.

यंदाही काम माझ्याकडंच आलं. ओळ फ्रीज केली आणि तक्ता फोनवर उघडून सासऱ्यांच्या हाती दिला. ते अंगठ्यानं तक्ता सरकवू लागले. वरची गल्ली, खालची गल्ली, शेवटचं घर, मग नुसते कोरे रकाने. थांबेचनात.

"मामा, गाव संपलं."

"गप ऱ्हावा. गंगाखेडपर्यंत आलोय, तरी भाकरी डोक्यावरच हाय!"