मार खाण्यातला वस्ताद

त्याचं नाक तरुणपणीच वाकडं झालं होतं. फर्निचरच्या गोदामात एक कपाट अंगावर आलं, त्याची ही कृपा. त्या नाकानंच त्याला सिनेमात नेलं. पहिल्याच सिनेमात तो दारावरचा गुंड झाला, नायकाच्या एका ठोशात आडवा झाला आणि पुढे आयुष्यभर आडवाच होत राहिला. शेजारची मुलं त्याला 'राक्षसकाका' म्हणत आणि सायकलची चेन पडली की त्याच्याकडेच येत.

पडद्यावरचा ठोसा गालापासून वीतभर लांबून जातो. मार खाणाऱ्यानं नेमक्या क्षणी मान झटकली तरच तो लागल्यासारखा दिसतो. त्याची मान कधी चुकली नव्हती. पण गेल्या वर्षी डावा डोळा अधू झाला, डॉक्टरांनी हात टेकले, आणि नायकांचा उजवा हात येतो तो नेमका त्याच बाजूनं. तेव्हापासून तो नायकाच्या बुटांच्या आवाजावर पडत होता. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

"अहो, सांगून टाका ना फाइट मास्तरांना," ती म्हणे.

"सांगितलं की घरी बसलो. घरी बसून काय करू? तुझं डोकं खाऊ?"

"ते आत्ताही खाताच आहात. जेवताना किती वेळा उठलात, बघा."

एके दिवशी सेटवर पाऊल टाकताच त्यानं आधी जमीन पाहिली. खाली जाड गालिचा होता. बूट वाजणारच नव्हते. तो भिंतीकडेनं येरझारा घालत राहिला.

पहिल्या टेकला तो ठोशाच्या आधीच कोसळला.

"काका, वाऱ्यानंच पडलात की!" नायक म्हणाला. सगळे खो खो हसले.

दुसऱ्या वेळी उशीर झाला. मग त्यानं मनाशी ठरवलं, अंदाज गेला खड्ड्यात, आणि सरळ गाल पुढे केला. मूठ फाडकन बसली. दिग्दर्शक खूश. नायक मात्र पांढरा पडला.

"काका, खरंच लागलं का हो?"

"छे रे!" ओठावरचं रक्त गिळत तो म्हणाला.

फाइट मास्तर डाव्या बाजूनं आला. "धर."

"काय?"

"रुमाल. तोंडासमोर धरलाय तुझ्या." "कधीपासून दिसत नाही?"

"झालं वर्ष."

"गाढवा, मूठ जरा वर आणि पलीकडे बसली असती तर दुसराही गेला असता!"

"म्हणजे उद्या येऊ नको?"

"ये. पण खुर्चीत बसायला. टोळीच्या म्हाताऱ्या म्होरक्याचं काम अजून कुणाला दिलेलं नाही, मी दिग्दर्शकाशी बोलतो. म्हातारा मार खात नाही, दुसऱ्याला खायला लावतो."

मास्तरानं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी हा मखमली कोट घालून खुर्चीत बसला. समोर एक नवा गडी मार खात होता. मूठ फिरली आणि म्हाताऱ्याची मान झटकन वळली.

"कट! काका, मार त्याला बसलाय!" दिग्दर्शक म्हणाला.

पुढच्या वेळी त्यानं खुर्चीचे हात गच्च आवळून धरले. मान हलली नाही. पण नवा गडी पडला उशिरा, आणि याला राहवेना. कॅमेरा चालू असतानाच तो ताडकन उठला.

"अरे, मान! आधी मान, मग पाय!"

"खाली बस!" मास्तर ओरडला.

तो बसला. खुर्चीच्या अगदी काठावर.