रॉकेलच्या रांगेचे दहा पैसे

घरातल्या कामाचे मुलांना पैसे द्यावेत का, यावर परवा आमच्या सोसायटीतल्या बायकांची चर्चा रंगली होती. मुलं लोभी होतात म्हणे. संस्कार बिघडतात म्हणे. मी तिथून उठूनच आले. थांबले असते तर कुणाला तरी काहीतरी बोलले असते, आणि मी एकदा सुटले की मागचंपुढचं बघत नाही.

आम्हाला मिळायचे पैसे! सत्तरच्या दशकातली गोष्ट. नाशिकरोडला आमच्या दोन खोल्या. माझे वडील, म्हणजे आप्पा, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशावर कामाला होते. पगार जेमतेम, पण त्यांचा एक हट्ट होता. पोरांनी काम केलं की हातावर पैसे ठेवायचे. रॉकेलच्या रांगेत उभं राहिलं की दहा पैसे, मला आणि भावाला सारखेच.

आई वैतागायची. "घरच्या कामाचे कसले आलेत पैसे? उद्या ही सासूपुढं हात पसरेल!"

"पसरू दे," आप्पा म्हणायचे. "माझा बाप सिन्नरकडं गावकीची कामं करून झिजला. लोक वरून भाकर टाकायचे. माझ्या घरात कोण फुकट राबणार नाय."

"मग मला किती देता?"

"सगळा पगार तुझ्याच हातात हाय की!"

"हो, आणि तो सगळा वाण्याच्या घशात!" आई म्हणायची, आणि हसायची.

मी सातवीत होते. वर्गातल्या चारदोन मुलींना आमच्या बाई स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवणार होत्या. त्यांत माझं नाव होतं. मला ती परीक्षा काहीही करून हवी होती. स्कॉलरशिप मिळाली असती तर मला सातवीनंतर घरी बसवायचं आईचं टुमणं बंद झालं असतं.

शनिवारी शाळा सुटली की बाई मला घरी न्यायच्या. मी अंगण झाडायचं, कोळसे फोडायचे, परसातली मोरी घासायची. बाकीच्या मुलींना हे कधी सांगितलं नाही, फक्त मला. एका शनिवारी रॉकेलच्या रांगेत पाठवलं. टळटळीत ऊन, आणि रांग हलायचं नाव घेईना. डबा भरून आणला, ओट्याशी ठेवला, आणि घरची सवय, हात पुढे केला. "बाई, दहा पैसे."

माझ्या मनात काहीही नव्हतं, शप्पथ सांगते. काम झालं की पैसे मिळतात, एवढंच मला ठाऊक.

बाईंचा चेहरा लालेलाल झाला. "पैसे? तुला मी मुलीसारखी समजते, आणि तू पैसे मागतेस? तुमच्या लोकांना फुकटचं खायची चटकच लागलीय!"

फुकटचं! अहो, उन्हात कोण उभं होतं? आणि मुलीसारखी? त्यांची खरी मुलगी, माझ्याच वर्गातली, आत पंख्याखाली लोळत पुस्तक वाचत होती. मी पाणी मागितलं की मला पायरीखाली उभं करून वरून ओंजळीत ओतायच्या. पोटच्या पोरीला अशा पाजत होत्या का? हे सगळं तिथंच तोंडावर म्हणायला हवं होतं. आज इतक्या वर्षांनीही ते घशाशी येतं. तेव्हा मी नुसती चप्पल घालून पळत सुटले.

सोमवारी बाईंनी वर्गात सांगितलं की माझं नाव काढलंय. पालकांनी येऊन माफी मागितली तर बघू.

घरी आल्यावर मी रडत रडत सगळं सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. "दहा पैशांपायी शाळा घालवलीस! बघा, तुमच्या लाडानं काय केलं ते!"

आप्पांनी मला जवळ बसवून विचारलं, "परीक्षा पायजे का तुला? पायजे आसंल तर मी जातो. बाईच्या पाया पडतो. माझं काय, मला सवय हाय."

सवय हाय! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. बाईंचा आला नव्हता इतका राग मला आप्पांचा आला. माझ्या हातावर पैसे ठेवणारा हा माणूस त्या पायरीखाली उभा राहणार?

"नको!" मी ओरडले. "तुम्ही कुणाच्या पाया पडायचं नाही. मला नको ती परीक्षा."

बाईंची मुलगी बसली परीक्षेला. त्या दिवशी सकाळी आप्पा रात्रपाळीवरून आले तेव्हा मी घरात भांडी घासत होते. डबा खाली ठेवून ते तसेच उभे राहिले.

"बरं झालं नको म्हणालीस," ते म्हणाले. "मी गेलो आसतो."