जानीबायची सावड

खटक-खट, खटक-खट. चाळीस वर्षांपूर्वी भिवंडीतल्या कामतघरच्या शाळेत माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, चालत, त्यांचा हा आवाज. नवीन मास्तर त्याला वैतागत. मी मात्र कविता शिकवणारा माणूस, मला तो आयता ठेकाच मिळाला. वृत्त कुठलंही असो, पोरं लूमच्या ठोक्यावर म्हणत आणि पाठ करत. पुस्तक कुणाकडेच नसे. मी एक ओळ म्हणायची, त्यांनी ती तीनदा म्हणायची, मग पुढची. आजही दुपारी डोळा लागता लागता तो ठेका ऐकू येतो आणि वर्गातला खडूचा वास येतो.

त्या वर्गातल्या बारकूचा दिवाळीनंतर फोन आला. बारकू आता पन्नाशीचा आहे. मूळचा गणेशपुरीकडच्या एका डोंगरपाड्यावरचा, वडील लूमवर आले म्हणून आमच्या शाळेत आलेला. पुढे स्वतःही लूमवर लागला, दारूत बुडाला, आणि तिथून ज्यानं त्याला बाहेर काढलं त्या येशूची गोष्ट गेली अठरा वर्षं तो दारोदार सांगतो आहे. लोक त्याला पास्टर म्हणतात, ड्युटी मात्र अजून लूमवरच.

"गुरुजी, शुक्रवारी पाड्यावर भात कापायला चाललोय. येता का?"

"अरे, शहात्तराव्या वर्षी मी विळा धरू?"

"विळा नको. नुसते बांधावर बसा. तुमच्यासमोर कुणी हात उचलणार नाही."

मग त्यानं सगळं सांगितलं. पाड्यावर जानीबाय नावाची विधवा आहे. तीन वर्षांपूर्वी ती येशूची झाली आणि आता तिच्या पडवीत दर आठवड्याला पाचसहा बाया प्रार्थनेला जमतात. पाड्याच्या कारभाऱ्यानं तिला बजावलं होतं की जमणं बंद कर, नाहीतर तुला सावड नाही. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू त्यांच्या. पैसा नाही, दिवसाला दिवस. एकट्या बाईला त्याशिवाय कापणी उरकणं शक्य नाही. भात पिकून पिवळं झालेलं, आणखी चार दिवस उभं राहिलं तर दाणा मातीत झडणार. तिचं वर्षाचं खाणं तेवढंच.

माझ्या घरी देव्हारा आहे, बारकूचा धर्म माझा नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, हल्ली असल्या भानगडीत पडू नये." मी पिशवी भरली.

गुरुवारी दुपारी ठाण्याहून एसटीनं भिवंडी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, एवढं एक सुख वय झाल्यावर मिळतं. अंतर थोडं, पण ट्रकांच्या रांगेत दीड तास धरूनच निघा. पूर्णा गावाशी खिडकीतून पाहिलं तर जिथं वाऱ्यावर भात डुलायचं तिथं गोदामांची निळी छपरं क्षितिजापर्यंत. मी मनातल्या मनात एक जुनी शेतावरची कविता म्हणून पाहिली. दुसरं कडवं आठवेना. पुढे शेअर रिक्षानं कामतघर, वीस रुपये.

बारकूची खोली चाळीत, दहा बाय बारा. दर शुक्रवारची बैठक कापणीमुळे यंदा आदल्या रात्रीच ठेवलेली. ड्युटी संपवून माणसं येत गेली. बहुतेक उत्तरेकडची, केसांत कापसाचा भुगा. लिहिता-वाचता येणारे दोघंच. बारकू मधे बसला आणि डोंगरात हरवलेल्या मेंढराची गोष्ट एकेक वाक्य सांगू लागला. तो एक वाक्य म्हणे, सगळे ते तीनदा म्हणत, मग पुढचं. बाहेर लूम चालूच होते.

पद्धत माझीच होती.

"ज्यानं पाठ केलं त्यानं पुढच्या शुक्रवारपर्यंत एकाला तरी सांगायचं," बारकू मला म्हणाला. "आमच्यात परीक्षा तेवढीच."

"आणि ऐकणाऱ्यानं मारलं तर?"

शेजारचा रामसूरत हसला. गोरखपूरकडचा, बारकूपेक्षा थोराड. "मास्टरजी, मार भी खाया है. पास्टर का हाथ देखो."

बारकूचं डावं मनगट वाकडं जुळलं होतं. मागल्या वर्षी काही तरुण याच खोलीत घुसले, पुस्तकं गटारात टाकली, हात मोडला. पुढच्या शुक्रवारी प्लास्टर गळ्यात अडकवून हा इथंच बसलेला. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाला, "वाटते ना. लूमचा पट्टा तुटला तरी दचकतो मी. पण गुरुजी, ज्यानं मला गटारातून उचललं त्याचं नाव दुसऱ्या गटारात पडलेल्याला सांगायचं नाही, हे मला जमणार नाही."

इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. आठवड्यात पाठ टेकायला मिळणारा एकच दिवस. त्या दिवशी सकाळी सहाच्या वज्रेश्वरी एसटीत दहा माणसं पिशवीत विळे घेऊन चढली. कंडक्टर म्हणाला, "काय, लूम बंद पडले का?" रामसूरत म्हणाला, "आज भगवान की ड्युटी है, साहब." अंबाडी नाक्यावर चहा आणि गरम वडापाव जरूर खा. वज्रेश्वरीहून गणेशपुरीपर्यंत रिक्षा मिळते. गरम कुंडांशी आश्रमाला आलेल्यांची गर्दी होती, आम्ही कुंडात पाय बुडवून पुढे निघालो. डोंगराची वाट पाऊण तासाची, गुडघे धड असतील तरच जा. माझी पिशवी बारकूनं मोडक्या हातानं धरली होती, परत देईना.

जानीबाय बांधावर उभी होती. पन्नाशीची, काटक, कोपरापर्यंत गोंदण. तिनं तांब्या पुढे केला. मी प्यायलो, तर माझ्याकडे बघतच राहिली.

"काय झालं, बाय?"

"न्हाय, काय न्हाय. माझा नवरा मेला तवा भगतानं मला भुताळी ठरवली. सा वरीस माझ्या हातचं पानी कोन पेलं न्हाय. मंग ह्यो बारक्या आला आन् भाकर मागून खाल्ली. म्या इचारलं, तुला भ्याव न्हाय? तर म्हनला, माझा देव अशांच्याच घरी जेवायचा." ती कमरेला पदर खोचत म्हणाली, "मंग म्या बोलली, त्या देवाचं नाव सांग."

बारकूनं प्रार्थना केली, दोन मिनिटांची, आणि विळे चालू झाले. गोरखपूरची माणसं भातातच वाढलेली. सपासप कापत, पेंढ्या बांधत ओळीनं सरकू लागली. दव वाळत होतं, भाताचा गोडसर वास सुटला होता. मी पेंढ्या मोजायचं काम घेतलं आणि पस्तिसाच्या पुढे आभाळ बघत बसलो.

दहाच्या सुमाराला पाड्यावरची माणसं येऊन वरच्या बांधावर बसली. एक बाई ओरडली, "जाने, भाड्यानं आनलेत काय गं?"

"भाडं न्हाय, भाकर हाय. तू पन ये, उरंल."

मग लखमा कारभारी आला. सत्तरीचा, डोक्याला पंचा, ताठ. मला म्हणाला, "मास्तर, तुमी आमच्यातलं. ह्याला समजवा. हा आमचाच पोर. वाघबारशीला समद्या घरांनी वाघदेवाला नमायचं. जानीनं तांदूळ दिलं पन नमली न्हाय. उद्या वाघ कुनाचं ढोर नेईल, तो जानीचंच नेईल काय? समद्या पाड्यावर येतंय ते."

त्याच्या आवाजात राग कमी, काळजी जास्त होती. बाहेरच्या कुणाच्या सांगण्यावरून तो बोलत नव्हता, त्याला त्याची चाळीस घरं सांभाळायची होती. मला ते पटलं, खोटं कशाला सांगू? मी बारकूला बाजूला घेऊन म्हणालो, "एक वर्ष थांब. पडवीतलं जमणं बंद ठेव. माणसं निवतील."

बारकू विळा पुसत राहिला. "गुरुजी, पडवी माझी नाही. तिला विचारा."

जानीबायनं ऐकलं होतंच. "बंद न्हाय करनार," ती कारभाऱ्याकडे बघून म्हणाली. "तुमच्या वाघदेवाला म्या कदी वंगाळ बोलली? न्हाय. तुमाला कोन आजारी पडलं, म्या राती बसली. पन ज्यानं मला मानूस केलं त्याला घरातनं काढू? भात जाऊ दे, कारभारी. त्याला न्हाय काढनार."

"मंग सावड न्हाय," कारभारी म्हणाला आणि वळला.

दुपारी एकला तिचं शेत संपलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, माझ्यासाठी वेगळी मिरचीची. इतकं चविष्ट जेवण मी वर्षात जेवलो नव्हतो. बारकू म्हणाला, "चला, चारची गाडी मिळेल."

जानीबाय उठली ती खालच्या बाजूला चालू लागली. तिथं दोन मोठी खाचरं तशीच उभी, भात तिच्यापेक्षाही जास्त पिकलेलं, काही लोंब्या माना टाकून पडलेल्या. कारभाऱ्याची शेती. त्याचे दोन्ही मुलगे पूर्णाच्या गोदामात, शिफ्टमधून सुट्टी मिळाली नव्हती. जानीबायनं विळा चालवायला सुरुवात केली.

"बाय, हे काय?" बारकू धावला. "तो मारायला उठेल."

"मारू दे. तूच सांगतोस ना, मारनाऱ्याचं पन भलं करायचं? का ते नुसतं पाठ करायला?"

बारकू विळा घेऊन तिच्या बाजूला वाकला. मागून एकेक करत बाकीचे सगळे. रामसूरत पुटपुटला, "चार की गाड़ी गई."

कारभारी काठी घेऊन आला. "कुनी बोलावलं तुमाला?"

"सावडीला बोलवावं लागतं काय?" जानीबाय मान वर न करता म्हणाली. "म्या तुमची सावड तोडली न्हाय. तुमी तोडली."

काठी हातातच राहिली. मी बांधावरून पाहत होतो. त्याला ठाऊक होतं, मलाही हळूहळू उमगलं. शेतात राबलेला माणूस हाकलता येतो, पण त्याचा दिवस हाकलता येत नाही. तो कर्ज होऊन डोक्यावर बसतो. म्हातारा काठी टेकवून बांधावर बसला, माझ्यापासून दोन हातांवर. ऊन कलेपर्यंत दोन्ही खाचरं मोकळी झाली. आम्ही निघालो तेव्हाही तो तिथंच होता.

सहाची एसटी मिळाली. दहा माणसं बसल्या जागी झोपली, हातांना भाताची कुसळं टोचलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांची ड्युटी होती.

घरी येऊन सहा दिवस झाले. गुडघे अजून बोलतात. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर नोव्हेंबरात जा, कापणीच्या वेळी, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन. काय राहिलं म्हणाल तर जानीबायचा तो प्रश्न. आयुष्यभर मी मुलांकडून ओळी पाठ करून घेतल्या, शाबासकी दिली, आणि त्यांचं पुढे काय होतं हे कधी विचारलं नाही. बारकूच्या विद्यार्थिनीनं भर शेतात विचारलं. मी देव बदललेला नाही, सकाळी पूजा केली. पण हात जोडताना ती वाकलेली पाठ दिसली.

हे टंकत असताना आत्ताच बेल वाजली. मुलगी दार उघडून म्हणाली, "बाबा, कोणीतरी आजोबा आलेत."

लखमा कारभारी. पंचा, पायात धुळीच्या चपला.

"जानीनं बारक्याला फोन लावून तुमचा पत्ता घेतला," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "मास्तर, दहा मानसांचा दिवस माझ्यावर हाय. जानीचा फेडला, काल तिच्या भाताची झोडनी केली. पन त्या दहांची शेती न्हाय. बारक्या म्हनतो, फेडू नका, खोली कुठं ते पन सांगत न्हाय. तसं चालत न्हाय आमच्यात."

"मग काय करणार, कारभारी?"

"उद्या शुक्रवार ना? त्यांच्या खोलीच्या दाराशी बसंन. आत येनार न्हाय. पन कोन दंगा करायला आलं तर पयला मी भेटंन." त्यानं चपला काढल्या. "कामतघरला गाडी कुठनं मिळते, ते सांगा."